मागची भिंत

तायडे मॅडम व्यासपीठावर चढल्या की सगळ्यात आधी माइक बंद करायच्या. दीपप्रज्वलन नंतर, पाहुण्यांच्या शाली नंतर. आधी त्या काळ्या दांड्याचं तोंड दाबायचं. मांडववाला कळवळून म्हणायचा, "मॅडम, भाडं तर लागणारच हाय, वापरा ना." मॅडम म्हणायच्या, "माइक दुखणेकऱ्याले लागते बे. मले काय धाड भरली?"

त्यांच्या आवाजाबद्दल मी जे सांगतो त्यातलं निम्मं खरं असतं. कुठलं निम्मं, ते ऐकणाऱ्याने ठरवावं. देऊळघाटला सकाळी त्यांनी खर्ज लावला की इकडे बुलढाण्यात माझ्या स्वयंपाकघरातली भांडी फळीवर सरकायची. बायकोने एकदा कंटाळून कपबशा सुतळीने बांधून ठेवल्या होत्या. आणि मलकापूर स्टेशनची गोष्ट तर अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक आहे, कारण जिल्हाभर ती मीच सांगितली. आमचा तानपुरा फलाटावर राहिला आणि गाडी हलली. मॅडमनी दारातून नुसतं "थांब बे!" म्हटलं. गार्डच्या हातातला झेंडा गळाला, गाडी जागच्या जागी थिजली, आणि पलीकडच्या रुळावरची कोळशाची मालगाडीसुद्धा, तिचा काही एक संबंध नसताना, अदबीने उभी राहिली.

विद्यापीठाने बुलढाण्यात काढलेल्या संगीत विद्यालयात आम्ही दोघंच मास्तर. त्या गायनाच्या, मी तबल्याचा. इमारत म्हणजे सरकीचं जुनं गोदाम. लांबच लांब, शेवटाला दगडी भिंत. दुसऱ्या कोणी तिथे पडदे लावले असते. मॅडमनी त्या भिंतीलाच परीक्षक नेमलं. विद्यार्थ्याने व्यासपीठावरून गायचं, मॅडम मागच्या भिंतीला पाठ टेकून उभ्या. आवाज भिंतीपर्यंत पोचला की त्या हात वर करायच्या. नाही पोचला की हात खालीच, आणि एक शब्द, "पुन्ना." काही पोरं त्या एका शब्दाने रडली, काही पळाली. उरली ती गायला लागली.

ही पद्धत त्यांच्या वडिलांची. ते देऊळघाटचे, जयंतीला खंजिरी घेऊन गाणारे. मॅडम सांगायच्या, "आमचे बाबा म्हनत, पुढं बसनाऱ्याले सगळंच ऐकू येते. आपली मानसं आजवर मागंच बसत आली. मागच्यानं हात वर केला का समजायचं, गानं झालं." हे सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. म्हणजे रस्त्यापलीकडच्या पानटपरीपर्यंतच जायचा.

एकदा मॅडमना सर्दी झाली म्हणून भिंतीशी मी उभा राहिलो. माझं काळीज लोण्याचं. पोरीने तोंड उघडलं की माझा हात वर. मॅडम दारातून पाहत होत्या. म्हणाल्या, "सर, तुमच्या थापा तबल्यावर ठेवा. भिंतीपाशी नोका मारू. पोरी फसतात."

गेल्या वर्षी जूनमध्ये, प्रवेश सुरू असतानाच, विद्यापीठाकडून निरोप आला: मार्चमध्ये समिती येईल, वर्षभराचं काम पाहील आणि ठरवेल, हे विद्यालय ठेवायचं की अमरावतीच्या विभागात मिसळायचं. मिसळायचं म्हणजे कुलूप लावायचं, हे आमच्या शिपायालाही कळलं. डोणगावची पौर्णिमा मावशीकडे राहून शिकत होती. ती म्हणाली, "मले अमरावतीले कोन धाडते मॅडम? घरी बसा लागन." मॅडम म्हणाल्या, "कोनी बसत नाही घरी. या वर्षी असं काम करू का समितीची बोलती बंद होईन."

बोलती बंद झाली, पण कोणाची, ते पुढे येईलच.

श्रावणात मॅडमच्या गळ्यात मफलर आला. आमच्याकडचा श्रावण म्हणजे पाऊस उघडला की उकाड्याने अंगातला सदरा पिळून घ्यावा, आणि या बाई गळ्याला लोकर गुंडाळून. मी म्हटलं, "मॅडम, हिमालयात बदली झाली का?" त्या हसल्या नाहीत. पायरीवर बसल्या, मलाही बसायला लावलं.

"गाठ हाय म्हनते डॉक्टर. गळ्यात."

"मग काढून टाका."

"गाठीसंगं आवाज जाईन म्हनते. आन् उशीर केला तर..." पुढचं त्यांनी हातानेच सांगितलं, माशी उडवल्यासारखं. "मार्च होऊ द्या, सर. मंग जातो."

"मार्चपर्यंत ती गाठ काय तुमची वाट पाहत बसणार आहे?"

"हे तुमी आन् मी. पोरींले कळलं तर त्यायचा सूर हालन."

मी खूप बोललो. त्यांनी खडीसाखर तोंडात टाकली आणि वर्गात गेल्या. त्या दिवसापासून मला त्या गोदामात सरकीचा जुना कुबट वास येऊ लागला, जो मला आधी कधीच आला नव्हता.

आणि गंमत पाहा, तेच वर्ष आमचं सोन्याचं निघालं. श्रावणाआधी गुरुपौर्णिमेलाच चिखलीपासून लोणारपर्यंतची माणसं बसायला जागा नाही म्हणून खिडक्यांत लोंबकळली. गावोगावच्या शाळांत आमच्या पोरींनी गाणं शिकवलं. युवक महोत्सवात समूहगान पहिलं, शास्त्रीय गायनात पौर्णिमा पहिली. टाळ्या अशा पडल्या की छपरावरची कबुतरं अजून परतलेली नाहीत. प्रत्येक बक्षिसाबरोबर मॅडम एकेक पाऊल मागे सरत होत्या. आधी त्या प्रत्येक तान स्वतः गाऊन दाखवायच्या. दिवाळीनंतर "तू म्हन वं पौर्णिमे, बाकीच्यांले दाखव" म्हणू लागल्या. पोरींना वाटलं, मॅडमचा विश्वास वाढला. वर्ग सुरू झाला की त्या सरळ भिंतीपाशी जाऊन उभ्या राहायच्या. बोलायच्याही नाहीत. हात वर, किंवा हात खाली.

महोत्सवाहून परत येताना आम्ही मलकापूरला उतरलो. सगळा गोंधळ फलाटावर उतरला आणि चषकाची पिशवी डब्यातच राहिली. गाडी हलली. पोरी ओरडू लागल्या, "मॅडम, थांबवा ना! सर सांगतात तशी थांबवा!" मॅडमनी तोंड उघडलं. मी शेजारीच होतो. वहाणेखाली वाळकं पान चुरडावं तेवढा आवाज आला. शेजारचा हमालसुद्धा वळला नाही. एका प्रवाशाला दया आली, त्याने दारातून पिशवी भिरकावली. चषकाला पोचा आला. त्या पोच्यावरून पोरी बुलढाण्यापर्यंत हसत होत्या. मी या प्रसंगाला आजवर मीठमसाला लावू शकलेलो नाही.

डिसेंबरात एका कार्यक्रमात मॅडम व्यासपीठावर चढल्या. मांडववाला सवयीने आपणच माइक बंद करायला पुढे झाला. मॅडमनी त्याच्या हातावर हात ठेवला. "राहू दे," म्हणाल्या. तो माझ्याकडे पाहू लागला. मी तबल्याची वादी आवळण्यात गर्क झालो. ती वादी चांगलीच आवळलेली होती.

फेब्रुवारीतली एक दुपार. पोरी जेवायला गेलेल्या. मॅडमनी मला भिंतीपाशी पाठवलं आणि स्वतः व्यासपीठावर उभ्या राहिल्या. मफलर काढला. एवढ्या दिवसांनी त्यांचा गळा पाहिला आणि मी जमिनीकडे पाहू लागलो. मॅडमनी षड्ज लावला. निदान ओठांवरून तरी मला तसं वाटलं, कारण गोदामाच्या त्या टोकाला मला पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती.

मी हात वर केला. चांगला खांद्याच्या वर केला.

त्या चालत माझ्यापर्यंत आल्या, कारण तिथून बोललेलं मला पोचलं नसतं. "सर, खोटं असलं का तुमचा हात लौकर वर येते."

"मॅडम, उद्याच निघू. गाडी करतो."

"समिती आली का करा." मग भिंतीवर तळवा ठेवून म्हणाल्या, "हिच्यापाशी एक तरी खरं मानूस पायजे, सर. मी नसली तर तुमी उभे राहा."

"मला सोडून कोणालाही सांगा," मी म्हटलं. त्यांनी मफलर पुन्हा गळ्याला गुंडाळला.

मार्चमध्ये समिती आली. वर्षाचा अहवाल मॅडमनी लिहिला होता, वाचायचा मी. बजावलं होतं, "यात तुमचं एकही अक्षर नोका घालू." मी वाचत गेलो: ही बक्षिसं, ही गावं, इतके नवे विद्यार्थी. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून ओळीने खरं बाहेर पडत होतं, आणि समितीचे अध्यक्ष चष्म्यावरून असे पाहत होते की हा माणूस फेकतोय. शेवटी त्यांनी विचारलं, "हे सगळं या गोदामात?" मॅडमनी पौर्णिमेकडे बोट केलं. पौर्णिमा माइकशिवाय गायली. मॅडम मागे, भिंतीशी. तान संपली आणि त्यांचा हात वर गेला, सावकाश, अगदी सावकाश. अध्यक्षांनी मान वळवून पाहिलं आणि का कोण जाणे, त्यांनीही अर्धवट हात वर केला.

दुसऱ्याच दिवशी मी गाडी केली. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी गाठ काढली, आवाजही काढला, आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की ती गाठ आता गळ्यापुरती राहिलेली नाही.

मंजुरी आली तेव्हा मी दवाखान्यात गेलो. दारातच म्हटलं, "मॅडम, विद्यालय राहिलं. पक्कं." गळ्याभोवती पट्टी, डोळे तेवढे जिवंत. त्या माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. तपासत होत्या, हा थापाड्या आज काय घेऊन आला. मी काही वाढवलं नाही. मग चादरीतून त्यांचा हात निघाला आणि वर आला.

मे संपायच्या आत त्या गेल्या.

शोकसभा गोदामातच झाली. बोलणाऱ्यांनी माइकवरून त्यांच्या आवाजाच्या गोष्टी सांगितल्या. बहुतेक माझ्याच होत्या, थोड्या वाढवलेल्या. मालगाड्या आता दोन झाल्या होत्या. मला बोलायला बोलावलं, पण मी उठून मागे गेलो आणि भिंतीला पाठ टेकली. दगड गार होता.

पौर्णिमा व्यासपीठावर आली. तिने आधी माइक बंद केला. गायला लागली आणि दुसऱ्या ओळीला तिचा गळा भरून आला. पुढच्या रांगा मुसमुसू लागल्या. तिने कसंबसं गाणं पुरं केलं आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून थेट माझ्याकडे पाहिलं.

भिंत थरारली, असं मला तुम्हाला सांगता आलं असतं. माझ्यासारख्याला ते काय अवघड? पण आवाज मधल्या खांबापाशीच पडला होता. पोरगी पाहत होती. डोळे लाल, हात बाजूला लोंबलेले. सगळी सभा माना वळवून माझ्या हाताकडे पाहत होती.

मी हात खालीच ठेवला.

"पुन्ना," मी म्हटलं.

पौर्णिमेने डोळे पुसले आणि श्वास घेतला.