गरम कुठली, गार कुठली

त्याला सगळे वैद्य म्हणायचे. खरं तर तो मोटार मेकॅनिक, आणि तोही फक्त जुन्या गाड्यांचा. पण गाडी दारात आली की हा पठ्ठ्या पान्याला हात लावायचा नाही. बॉनेट उघडायचा, चालू इंजिनावर तळहात ठेवायचा आणि मान तिरकी करून, डोळे अर्धवट मिटून उभा राहायचा. मग हळूच म्हणायचा, "तिसऱ्या नंबरचा प्लग." आणि खरोखर तिसराच निघायचा. लोक लांबून यायचे ते त्या हातासाठी.

माझं दुकान त्याच्या गॅरेजला लागून. मी गाड्यांच्या सीटा शिवतो, म्हणून त्याने माझं नाव ठेवलं होतं सुईदोरा. सव्वीस वर्षं आमच्या मध्ये एक पत्रा होता, आणि त्या पत्र्यातून आम्ही एकमेकांना शिव्या देत, गप्पा मारत काम केलं. त्यामुळे हे जे सांगतोय ते ऐकीव नाही.

थंडी अगदी हाडात शिरली होती तेव्हाची गोष्ट. गणिताच्या बाई त्यांची फिकट हिरवी गाडी घेऊन आल्या. बाई शाळेतून निवृत्त झाल्याला बारा वर्षं झाली होती. गाडी त्यांच्या दिवंगत यजमानांची, पन्नाशी ओलांडलेली. बाईंची धाकटी बहीण वरच्या घाटातल्या गावात अंथरुणाला खिळली होती आणि बाई दर आठवड्याला एकट्या गाडी हाकत तिच्याकडे जायच्या.

"हीटर लावला की गार वारा येतो हो," बाई म्हणाल्या. "बंद ठेवला तर काच धुकटते. गुडघ्यांवर घोंगडी घेऊन चालवते मी. येत्या शनिवारी जायलाच हवं, तिचं काही खरं नाही."

"बाई, शुक्रवारी न्या," वैद्य म्हणाला. "चहा पिऊन होईपर्यंत होईल इतकंच काम आहे."

आणि होतंही तेवढंच. जुन्या गाडीचा हीटर म्हणजे काही जादू नव्हे. इंजिनातलं गरम पाणी एका रबरी नळीने आतल्या छोट्या जाळीत जातं, दुसऱ्या नळीने परत येतं. जाळीवरून पंख्याचा वारा फिरला की तो गरम होतो. वारा गार येत असेल तर इंजिन तापू द्यायचं आणि दोन्ही नळ्यांना हात लावायचा. दोन्ही गार असतील तर गरम पाणी तिथवर पोचतच नाही. एक गरम नि एक गार असेल तर जाळी तुंबली. बस्स.

वैद्याने सोमवारी इंजिन तापवलं, नळ्या धरल्या आणि पत्र्यापलीकडून मला ओरडून सांगितलं, "सुईदोऱ्या, दोन्ही गार! थर्मोस्टॅट गेलाय." थर्मोस्टॅट म्हणजे पाणी तापेपर्यंत अडवून धरणारी झडप. ती उघडीच अडकली की पाणी तापतच नाही. डॅशबोर्डावरचा तापमानाचा काटा केव्हाच मेला होता, त्यामुळे खात्री करायला हातच. त्याने कोपऱ्यावरच्या स्पेअर पार्टवाल्या शेठकडून नवा आणून बसवला. वारा गारच.

मंगळवारी त्याने पाणी भरून बघितलं, अडकलेली हवा काढली, हीटरची तोटी उघडते का ते पाहिलं. सगळं जागच्या जागी. पुन्हा नळ्या धरल्या. दोन्ही गार.

बुधवारी तो नवा थर्मोस्टॅट काढून शेठच्या काउंटरवर आपटला. मीही बरोबर होतो. शेठने चहाच्या पातेल्यात पाणी उकळलं आणि झडप त्यात सोडली. बघता बघता ती उघडली, बाहेर काढल्यावर मिटली.

"बघ, चांगली आहे," शेठ म्हणाला.

"पातेल्यात चांगली असेल! इंजिनात नाही. डबाबंद कचरा विकतोस आणि वर मला शिकवतोस?"

दुकानात चार गिऱ्हाईकं उभी. शेठचा चेहरा पडला. पंचवीस वर्षांत वैद्य त्याच्याशी असं बोलला नव्हता. खरं सांगायचं तर मीही तेव्हा वैद्याच्याच बाजूने होतो. त्याचा हात चुकेल असं मनात यायलाच जागा नव्हती.

शेठने दुसरी झडप दिली. गुरुवारी सकाळी ती बसली, इंजिन अर्धा तास चाललं. मी चहाचे दोन ग्लास घेऊन त्याच्याकडे गेलो. तो दोन्ही हातांत दोन नळ्या धरून उभा होता.

"गार आहेत रे दोन्ही," तो म्हणाला. आवाज थकलेला.

ग्लास बाजूला ठेवून मी सहज उजवीकडच्या नळीला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. "आई गं! वैद्या, भाजतेय ही!"

तो हसला. "सकाळी सकाळी थट्टा नको."

"अरे थट्टा कसली? हात काढ आधी!"

त्याने हात काढला. तळव्यावर लालभडक पट्टा उठला होता, एका ठिकाणी फोड. तो त्या फोडाकडे बघत राहिला, जणू तो दुसऱ्या कुणाच्या हातावर होता. मग त्याने पुन्हा नळी धरली. मी त्याचं मनगट ओढलं.

"सोड," तो म्हणाला. "मला कळू दे."

"काय कळू दे?"

 त्याने डावीकडची धरली, मग उजवीकडची, मग पुन्हा डावीकडची. त्याचे ओठ हलत होते. शेवटी त्याने इंजिन बंद केलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "गरम कुठली म्हणालास?"

"उजवी."

"आणि डावी?"

मी हात लावला. "गार."

"म्हणजे जाळी तुंबलीय," तो म्हणाला. "सोमवारीच झालं असतं."

त्या दिवशी त्याचे हात मी झालो. तो सांगत होता, मी करत होतो. दोन्ही नळ्या काढल्या, बागेला पाणी घालायचा पाइप उलट्या बाजूने लावला. आधी काहीच येईना, मग एक उचकी आली आणि काळपट तांबडा गाळ भसाभसा बाहेर पडला. पाणी नितळ येईपर्यंत धुतलं, नळ्या जोडल्या, कूलंटचं पाणी भरलं, हवा काढली, इंजिन तापवलं, पंखा लावला. मी आतल्या झरोक्यापाशी हात धरला. छान उबदार वारा.

"येतोय?" त्याने बाहेरून विचारलं.

"येतोय."

तो आत येऊन बसला. आधी तळहात धरला, मग मागे घेतला. मग वाकून गाल झरोक्याला लावला आणि तसाच राहिला. मी उतरून माझ्या दुकानात गेलो. पत्र्यापलीकडे इंजिन बराच वेळ चालू होतं.

शुक्रवारी बाई गाडी घेऊन गेल्या. "तुमच्या हाताला यश आहे हो," असं म्हणाल्या. त्याने नुसती मान हलवली.

मग तो शेठकडे गेला. "चूक माझी होती," एवढं बोलून त्याने तळहात पुढे केला. शेठने त्याला खुर्ची दिली, चहा मागवला आणि झालेल्या प्रकाराबद्दल चकार शब्द काढला नाही. परतताना वैद्य मला म्हणाला, "दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं रे."

डॉक्टरांनी तपासलं. साखर बरीच वर्षं वाढलेली, हातापायांना जाण देणाऱ्या नसा गेलेल्या. "सुरुवात पायापासून होते," ते म्हणाले. "काही जाणवलं नाही?" तेव्हा बरोबर आलेल्या वहिनी, म्हणजे त्याची बायको, बोलल्या. वर्षभर त्याच्या पायातली चप्पल रस्त्यात निसटून पडायची आणि हा अनवाणीच घरी यायचा. चप्पल सैल आहे म्हणायचा. त्यांनी तीन जोड बदलले होते. हाताच्या बोटांवरचे भाजल्याचे डाग विचारले की म्हणायचा, ठिणगी उडाली.

"परत येईल का?" वैद्याने विचारलं.

"आहे ते सांभाळायचं," डॉक्टर म्हणाले.

त्यानंतर दोनेक महिने आम्ही जोडीने काम करून बघितलं. तो डोळे मिटून विचारायचा, "थरथर कशी आहे? बारीक की जाड?" मला काय कळणार? मी आयुष्यभर रेक्झिन शिवलेलं. मी काहीतरी ठोकून द्यायचो. एकदा मी असाच "बारीक" म्हणालो तेव्हा त्याने माझा हात इंजिनावरून अलगद उचलून बाजूला ठेवला. "राहू दे," तो म्हणाला. "तुझी चूक नाही." त्याच्या तोंडून एवढी मऊ भाषा मी कधी ऐकली नव्हती. शिवी दिली असती तर मी हसलो असतो. त्या दिवशी मी माझ्या दुकानात येऊन मशीनवर डोकं टेकून रडलो.

उन्हाळा लागायच्या आधी त्याने गॅरेज सोडलं. हत्यारं शेठच्या ओळखीतल्या एकाने नेली. शेवटच्या दिवशी वहिनी नि मी बाहेर थांबलो होतो. त्याने शटर ओढलं, वाकून कुलूप लावलं आणि किल्ली फिरवू लागला. किल्ली पूर्ण फिरली की नाही हे त्याला कळत नव्हतं. तो पुन्हा काढायचा, पुन्हा घालायचा, चष्मा नाकावर चढवून जवळून बघायचा. मी पुढे सरकलो तेव्हा वहिनींनी माझी बाही धरली.

"करू द्या," त्या म्हणाल्या. "त्यांचं त्यांना करू द्या."

आम्ही उभे राहिलो. कुलूप केव्हाच लागलं होतं.