प्रीतीला सुई चालत नाही

सिस्टरने इंजेक्शनचा ट्रे आणून ठेवला आणि इंदूबाई मुलीच्या कॉटसमोर आडव्या उभ्या राहिल्या.

"तिले सुई लावाची नाही जी मॅडम. तिले रिअॅक्शन हाये."

मी केसपेपर उलटून पाहिला. अॅलर्जीपुढे 'नाही' लिहिलेलं. अॅडमिट करताना प्रीतीचे वडील आले होते. मुलीला कशाची अॅलर्जी आहे हे बापाला विचारून लिहायची आमच्या कॅज्युअल्टीला हौसच आहे. मी ट्रे परत पाठवला आणि स्टूल ओढून बसले.

मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात फिजिशियन आहे. प्रीती आंबागडची, तुमसरला कॉलेजात शिकणारी. तिला लहानपणी रुमॅटिक फीवर होऊन गेलेला. यात आधी घसा दुखतो. शरीर घशातल्या जंतूंशी झुंजतं, पण काही मुलांच्या शरीराची ओळखण्यात गफलत होते आणि ते स्वतःच्याच सांध्यांना, हृदयाच्या झडपांना जंतू समजून झोडपायला लागतं. सांधे बरे होतात, झडपा खराब होतात त्या होतातच. असा ताप पुन्हा आला की त्या आणखी बिघडतात. तो येऊ नये म्हणून स्वस्त आणि खात्रीचं औषध म्हणजे पेनिसिलिनचं इंजेक्शन, दर तीन आठवड्यांनी, वर्षानुवर्षं.

प्रीतीला त्याऐवजी दुसऱ्या औषधाच्या गोळ्या का चालू होत्या ते मला आता कळलं. त्या गोळ्यांनी तिचं पोट जळायचं, म्हणून ती त्या गुपचूप चुकवायची. मग ताप आला, गुडघे सुजले. बस स्टँडपासून कॉलेजपर्यंत जाताना तिला मध्येच बसावं लागायला लागलं. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, झडप आधीपेक्षा जास्त गळत होती. असा आणखी एक ताप आला तर नागपूरला नेऊन झडप बदलण्याची वेळ येणार होती. मी हे सगळं इंदूबाईंना सांगितलं. त्या जागच्या हलल्या नाहीत. मला राग आला खरा, पण त्यांच्या जागी मी असते तर मीही हलले नसते.

त्यांनी जुनी हकिगत सांगितली. प्रीती लहान असताना घसा दुखून ताप आला. गावात येणाऱ्या एका डॉक्टरने पेनिसिलिनची सुई दिली. त्यानंतर पोरीचं तोंड असं सुजलं की डोळे उघडेनात. पायांवर फोड आले, त्यातून पाणी वाहू लागलं. डॉक्टर म्हणाला, ही सुईची रिअॅक्शन, हिला पुन्हा कधी पेनिसिलिन देऊ नका. इंदूबाईंनी ते काटेकोर पाळलं.

आता थोडं आमच्या धंद्यातलं. पेनिसिलिनच्या अॅलर्जीकडे अलीकडे जगभरातले डॉक्टर नव्याने बघायला लागले आहेत. ज्यांच्या कागदावर ही अॅलर्जी लिहिलेली असते, त्यांतल्या बहुतेकांना तपासल्यावर ती सापडतच नाही. काहींना ती कधीच नव्हती, काहींची वर्षं गेल्यावर आपोआप निघून गेली. ज्यांचा धोका कमी वाटतो त्यांना दवाखान्यात, डोळ्यांदेखत, तोंडाने थोडं औषध देऊन बघतात. पण आधी जुनी हकिगत पक्की लागते. सुईनंतर लगेच अंगावर गांधी उठल्या, दम लागला, चक्कर आली, तर तिथे खेळ करायचा नाही. तोंडाच्या आत आणि डोळ्यांत जखमा झाल्या, कातडी सोलली, तर विषयच संपला.

प्रीतीला यातलं काहीच झालं नव्हतं. खोदून विचारलं तर सूज आली होती ती दुसऱ्या दिवशी, तीही आधी पायांवर, मग तोंडावर. हे मला पटेना. मी विचारलं, दुसरं काही औषध चालू होतं का? इंदूबाई म्हणाल्या, नाही. मी तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. त्या नाहीच म्हणाल्या, आणि शेवटी शेवटी वैतागल्याही.

मग मी प्रीतीच्या पायांवर सूज आहे का ते दाबून बघायला गेले. बोटांच्या बेचक्यांत जुने काळे डाग होते. एक डाग पावलावर लांब ओघळलेला. सुई दिली कमरेत आणि डाग बोटांत, हे काय गणित?

"ते रोवण्याचे दिवस होते का?" मी विचारलं. रोवणा म्हणजे आमच्याकडची धानाची लावणी.

"रोवणाच चालू होता. पोरगी माझ्यासंग दिवसभर बांधीतल्या पाण्यात राहे."

"मग बोटांत चिखल्या झाल्या असतील."

"झाल्या होत्या ना. त्याच दिवशी बिबा लावला."

भात खाऊ घातला, असं सांगावं तशा सुरात त्या बोलल्या. मी म्हटलं, अहो, मघापासून मी दुसरं काय विचारतेय?

"तुम्ही औषध इचारलं जी. बिबा काय औषध हाये? बिबा तर सगळेच लावतेत."

बिबा हे जंगलातलं फळ. टोचून दिव्यावर धरलं की काळं तेल गळतं. रोवण्यात दिवसदिवस पाण्यात उभं राहून बोटांची बेचकी कुजते, तिथे ते लावतात. बऱ्याच जणांना काही होत नाही. काहींचं शरीर मात्र पहिल्या खेपेला गप्प राहून त्याची नोंद ठेवतं आणि पुढच्या खेपेला पेटून उठतं. तेलाचा हात तोंडाला लागला की तोंडही सुजतं. आदल्या वर्षीही लावला होता का, असं विचारलं. लावला होता आणि काही झालं नव्हतं.

कॉटवरून प्रीती म्हणाली, "मॅडम, मले कैरीचा चीकही चालत नाही. ओठ सुजतेत."

आंबा आणि बिबा एकाच कुळातले. एकाचा त्रास असलेल्याला दुसऱ्याचाही होऊ शकतो. मला त्या पोरीला कडकडून मिठी मारावीशी वाटली.

मी आमच्या मोठ्या सरांकडे गेले. ते दवाखान्याचे प्रमुख आणि माणूस सावध.

"काही झालं तर?"

"अॅड्रिनॅलिन भरून तयार ठेवते. सकाळी करू, सगळा स्टाफ असताना."

"आणि नाहीच केलं तर?"

"पुढच्या तापानंतर नागपूर."

सर म्हणाले, त्या सकाळी मीही वॉर्डात थांबतो.

खरी परवानगी इंदूबाईंची हवी होती. मी त्यांना सगळं समजावलं. त्या ऐकत होत्या, पण त्यांचं मन दुसरीकडेच अडकलं होतं.

"म्हणजे मीच केलं का जी हे?"

मी म्हटलं, गावातल्या सगळ्या आया करतात तेच तुम्ही केलं. त्यांनी पदराने डोळे पुसले. "द्या मग. पण मी इथंच बसतो."

ताप उतरल्यावर आम्ही प्रीतीला आधी पेनिसिलिनच्या गोळीचा तुकडा दिला. थांबलो. मग पूर्ण गोळी दिली आणि पुन्हा थांबलो. प्रीती मोबाइल बघत होती, इंदूबाई प्रीतीला बघत होत्या, मोठे सर घड्याळ बघत होते. काहीच झालं नाही. आमच्या कामात काहीच न होण्यासारखं दुसरं सुख नसतं. पुढचे काही दिवसही अंगावर काही उठलं नाही, तेव्हा तिला पोटभर जेवू घालून, आडवं झोपवून इंजेक्शन दिलं. हे औषध घट्ट असतं आणि फार दुखतं. प्रीतीने मला मनातल्या मनात शिव्या दिल्या असणार.

त्यानंतर तिला ताप आलेला नाही. परवाच्या इकोमध्ये झडप होती तेवढीच गळते आहे, जास्त नाही. ती आता न बसता कॉलेजला पोचते. केसपेपरवर अॅलर्जीपुढे मी स्वतः 'बिबा' असं लिहिलं आहे.

मी आता पेशंटला 'दुसरं औषध कोणतं' असं विचारत नाही. काय लावलं, काय पाजलं, काय चाटवलं, काय बांधलं, असं विचारते. उत्तरं ऐकताना कधी कधी खुर्ची घट्ट धरून बसावं लागतं.

इंदूबाई अजूनही दर सुईनंतर लेकीच्या तोंडाकडे टक लावून बसतात. मी एकदा म्हटलं, बाई, आता याची गरज नाही.

"राहू द्या जी मॅडम," त्या नजर न हलवता म्हणाल्या. "तुमचं बघून झालं. माझं अजून होऊन राहिलं."