पाठ झालेला बिहाग

आजकालच्या मुलांना उपज नाही, गाता गाता नवं काही सुचत नाही, सगळं मोबाइलवरून उचललेलं, हे माझं जुनं रडगाणं. तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरी शिकायला येणाऱ्या पोरींना ते तोंडपाठ आहे. त्यातली एक गुढियारीहून स्कूटीवर येते. रेल्वेतल्या मराठी घरातली. हिंदी मुलखातच वाढलेली, त्यामुळे मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. गळा असा, की मला हेवा वाटतो. माझी सगळी आशा तिच्यावरच होती.

परवा ती बिहाग गायली. आलाप चढत चढत वरच्या षड्जाच्या तोंडाशी आला आणि निषादावरच थबकला. मग खाली उतरून, एक नाजूक वळण घेऊन वर गेला. माझ्या अंगावर काटा आला. वाटलं, पोट्टीला सुचलं एकदाचं!

"काहून थांबली तिथं?" मी विचारलं.

"आपकी रेकॉर्डिंग में ऐसा ही है, दीदी."

मागच्या गणपतीत मी गायले, ते कुणीतरी मोबाइलवर घेतलं होतं. त्या जागी माझा श्वास संपला होता. ते झाकायला खाली उतरले आणि सुचेल ते गायले. त्या अख्ख्या बैठकीत तेवढंच ऐनवेळी सुचलेलं. बाकी सगळं वर्षानुवर्षं घासूनपुसून ठेवलेलं. हिने तर माझी धापसुद्धा पाठ केली होती.

मला राग आला. तिचा कमी, माझाच जास्त.

"आता तुह्या मनानं गा. चुकली तरी चालते."

तिने षड्ज लावला, पण पुढे काही सुचेना. मग डोळे भरून आले. "कुछ आ ही नहीं रहा, दीदी. आप एक बार दिखा दीजिए ना."

एवढं तरी मला यायलाच हवं होतं. आयुष्य गेलं यात. डोळे मिटले, आजवर न गायलेलं गायचं ठरवलं. गंधारावरून निघाले, पंचमाला वळसा घातला. बरं वाटायला लागलं. मग लक्षात आलं, खोलीत दोन आवाज आहेत. ती हलक्या आवाजात माझ्याबरोबर गात होती, सूर न् सूर तोच. पुढची जागा तर तिने माझ्या आधी घेतली.

मी थांबले. ती गात राहिली, आणि मी जे नवं म्हणून गाणार होते तेच गात होती.