इगुआनाला उगवायचं नव्हतं

डिसेंबरातला दुसरा रविवार, सकाळ. हजर: मी, नवरा, सासूबाई, पुण्याहून आठवड्याच्या रजेवर आलेली मुलगी, जाफराबादहून मुक्कामाला आलेले धाकटे दीर आणि धुण्याच्या टबात इगुआना. गैरहजर: इगुआनाची भूक.

इगुआना म्हणजे परदेशी सरडा. शेपटीसकट धरला तर आमच्या ओट्याच्या अर्ध्या लांबीचा. हिरवा, गळ्याखाली लोंबती पिशवी, आणि समोरच्याचं काहीच पटत नाही असा चेहरा. खातो फक्त पालाभाजी आणि फुलं. सासूबाईंनी त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं ते या एकाच मुद्द्यावर.

पुण्याच्या घरमालकाने मुलीला सांगितलं होतं, एक तर तू राहा, नाहीतर तो. म्हणून तो जालन्याला आमच्याकडे आला. प्रवासात गारठला आणि आल्यापासून त्याने काहीही खाल्लं नव्हतं. मुलीने सरळ हिशेब मांडला. पुढच्या रविवारी संध्याकाळी तिची बस. तोवर तो खायला लागला तर आमच्याकडे राहील, नाही लागला तर नाशिकला सरडे सांभाळणाऱ्या एका माणसाकडे कायमचा द्यायचा. हे तिने फार शांतपणे सांगितलं आणि भोपळा चिरायला बसली. इतका बारीक भोपळा आमच्या घरात कधी कुणी चिरला नव्हता.

मी बियाणे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करते. ओल्या कागदावर बी मांडायचं, उबेच्या कपाटात ठेवायचं आणि किती उगवलं ते मोजायचं, हे माझं रोजचं काम. ऊब कशी द्यायची हे मला कुणी शिकवायला नको, असं त्या सकाळी मी दोनदा तरी म्हणाले असेन.

यादी चहाआधीच तयार होती. पहिलं काम, बैठकीतलं काचेचं शोकेस रिकामं करणे.

"टी-सेट कुठं ठेवायचा?" नवऱ्याने विचारलं.

"फ्रिजवर."

"फ्रिजवर टी-सेट कोण ठेवतं?"

"शोकेसमध्ये सरडा कोण ठेवतं?"

हे त्यांना पटलं. त्यांनी कप उतरवायला घेतले.

शोकेसच्या मधल्या फळ्या काढल्या. आतून सगळीकडे थर्माकोल लावलं. चार कोपऱ्यांत चार बल्ब, त्यांना जाळी, म्हणजे अंग भाजायला नको. मुलीने आणलेला उन्हासारखा उजेड देणारा दिवा वर मधोमध. ठरावीक उष्णतेला बल्ब आपोआप बंद करणारं यंत्र. आणि हवा फिरती राहावी म्हणून संगणकातला जुना पंखा. भोकं पाडायचं काम दिरांकडे होतं.

"वहिनी, कोंबडीची पिल्लं आणून राह्यले का?"

"नाही भाऊजी, याच्यासाठी आहे."

दिरांनी टबात डोकावून पाहिलं. "घोरपड हाय का ही? जेलात जासाल बरं सगळे."

"घोरपड नाही काका, इगुआना. त्याचे कागद आहेत माझ्याकडे," मुलगी म्हणाली.

"कागद हायेत. मंग ठीक." त्यांनी पुन्हा ड्रिल लावलं. "माह्या जमिनीचे न्हाईत अजून बराबर, अन् सरड्याचे हायेत."

मुलगी मला म्हणाली, "आई, त्याला एक बाजू चांगली गरम लागते आणि दुसरी गार."

मी ते वहीत 'अडचणी' या मथळ्याखाली लिहिलं. आमच्या कपाटात वरचा ट्रे गरम आणि खालचा गार निघाला तर अख्खी तपासणी बाद होते. कमी-जास्त ऊब म्हणजे दोष. तिच्या वाक्यापुढे मी लिहिलं: पंखा लावला, दूर झाली.

संध्याकाळी शोकेसमध्ये तीन ठिकाणी थर्मामीटर टांगले. तिन्हींवर तीस अंश. मी नवऱ्याला दाखवलं, दिरांना दाखवलं, शेजारच्या काकूंना बोलावून दाखवलं. मग दारावर तक्ता चिकटवला. तापमान, आर्द्रता, सही. रोज सकाळ-संध्याकाळ.

इगुआना आत गेला. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला, परत आला, पुन्हा गेला. प्रत्येक कोपऱ्यात थांबून वास घेतला. तहसीलमध्ये माणूस एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जातो आणि सगळीकडे एकच उत्तर मिळतं, तसं त्याचं चाललं होतं. खाल्लं काहीच नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मुलीने शेवग्याचा पाला आणला, मेथी निवडली, पपई किसली. बशी जशीच्या तशी बाहेर यायची आणि मुलगी ती झाकून ठेवायची, जणू पाहुण्याला मागाहून भूक लागेल. मी सह्या करत होते. तीस, तीस, तीस.

"उगवन किती टक्के झाली वहिनी?" गावी परतलेले दीर जाफराबादहून फोनवर विचारत.

एकदा मी सही करत असताना सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ शोकेसकडे बघून म्हणाल्या, "अगं, पण याला उगवायचंय का?"

मला राग आला. तक्त्यात काही चूक असती तर गोष्ट वेगळी.

शनिवारी लाइनच्या दुरुस्तीसाठी सकाळपासून वीज गेली. शोकेस गार पडायला लागलं, म्हणून मुलीने त्याला उचलून गच्चीवर नेलं, मागोमाग मीही गेले. तोपर्यंत नाशिकच्या माणसाला तिने पत्ता विचारून ठेवला होता. गच्चीवर सासूबाई प्लास्टिकच्या खुर्चीत ऊन घेत होत्या, मांडीवर देवपूजेच्या जास्वंदीची परडी. थंडीत त्यांचा हा नेम असतो. पाठ तापली की खुर्ची टाकीच्या सावलीत, पाय गार पडले की पुन्हा उन्हात. अशी खुर्ची दुपारपर्यंत गच्चीभर फिरते.

इगुआना तापलेल्या फरशीवर पोट टेकून पसरला. अंगाचा रंग गडद झाला. थोड्या वेळाने उठला आणि टाकीच्या सावलीत गेला. सासूबाईही त्याच सुमाराला सावलीत गेल्या. मग दोघं उन्हात आले. मग पुन्हा सावलीत.

"बघ, याला कळतं," सासूबाई म्हणाल्या. "मला तुझ्या त्या कपाटात घातलं असतंस तर मीसुद्धा जेवले नसते."

माझं बी आयुष्यात एकदाही जागचं हललेलं नाही. त्याला सगळीकडे सारखं लागतं, कारण त्याला जाता येत नाही. हा चार पायांचा प्राणी आठवडाभर गरम जागा शोधत होता, मग गार जागा शोधत होता, आणि दोन्ही मी मोठ्या मेहनतीने काढून टाकल्या होत्या.

तेवढ्यात तो खुर्चीपाशी आला, पुढचे पाय सासूबाईंच्या गुडघ्यावर टेकले आणि परडीतलं वरचं जास्वंद उचललं. दोनदा तोंड हलवलं. फूल गेलं. मग दुसरं.

मुलगी जिन्याच्या दारात उभी होती. ती हललीच नाही. डोळे तेवढे पुसले.

सासूबाईंनी परडीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. "उष्टी झाली आता सगळी. संपव बाबा." आणि परडी खाली ठेवली. "गणपतीला आज दूर्वा चालतील."

वीज आल्यावर आम्ही शोकेस पुन्हा उघडलं. पंखा काढला. एका बाजूचं थर्माकोल काढलं. सगळे बल्ब एका टोकाला नेले, उजेडाचा दिवाही तिकडेच, आणि खाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवला. दुसऱ्या टोकाला पाण्याचं घमेलं. आता एका थर्मामीटरवर छत्तीस आणि दुसऱ्यावर सव्वीस. तक्ता मीच फाडला.

रविवारी त्याने बशीभर शेवगा आणि भोपळा खाल्ला. संध्याकाळी मुलगी एकटीच बसमध्ये चढली. आता रोज फोन येतो. आधी विचारते, "खाल्लं का त्याने?" मग, "तुम्ही जेवलात का?"

एक काम राहिलं आहे. शनिवारच्या खटपटीत शोकेसची एक काच तडकली. नवीन काच मापाने कापून आणली आहे, ती भिंतीला टेकून उभी आहे. तोवर तिथे नवऱ्याचा कॅरम बोर्ड आडवा लावलाय, आणि खेळायला येणारे त्यांचे दोन मित्र चहा पिऊन परत जातात. काच बसवायची तर इगुआनाला उठवावं लागेल. सकाळी तो खातो. खाल्ल्यावर तापल्या फरशीवर पसरतो. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन गेले की सासूबाई शोकेसशेजारच्या खुर्चीतून म्हणतात, "थांब गं. आत्ताच जेवलाय तो."