सारवलेलं कोर्ट

मी जन्मात कधी टेनिसचा चेंडू मारला नाही. तरी सांगते, कुंभकोणमच्या क्लबात बाकावर बसून मी जेवढं टेनिस खेळले, तेवढं कोणी मैदानात उतरूनही खेळलं नसेल. लेकीच्या उजव्या हाताला चेंडू आला की इकडं माझा उजवा खांदा हलायचा. शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. हसू देत! त्यांच्या मुली घरात बसून वीणा शिकत होत्या, त्यांना काय कळणार.

हे खूळ घरात आणलं आमच्या ह्यांनी. हे वकील. दिवसभर एका कोर्टात उभं राहून मन भरेना, म्हणून संध्याकाळी दुसऱ्या कोर्टात जायला लागले. मुन्सफ, डॉक्टर, कॉलेजातले मास्तर असे चार मोठे लोक तिथं भेटत, म्हणून जाणं आवश्यक आहे असं मला सांगितलं होतं. खेळ यथातथाच. लहानग्या लेकीला सोबत नेत. पुढं ह्यांचा गुडघा धरला आणि खेळ सुटला, पण लेकीचा सुटेना. पंधरा वर्षांची झाली तशी ती क्लबातल्या बायकांच्या वेळात रोज खेळायला लागली. आता वयात आलेली मुलगी एकटी कशी जाणार? सोबत कोणीतरी हवं. घरात मोकळं कोण आहे याचा विचार झाला. मोकळं कोणीच नव्हतं, पण माझं काम कोणाला दिसत नाही, त्यामुळं मीच मोकळी ठरले.

पहिले दोन महिने मी कोर्टाकडं पाठ करून बसले आणि देवाच्या वाती वळल्या. इतक्या वळल्या की वर्षभर पुरल्या. मागं चेंडूची टपटप आणि शिकवणाऱ्याची ओरड चाललेली असायची. मी मनात म्हणायची, चालू दे तुमचा पोरखेळ.

शिकवणारा म्हणजे क्लबाचा मार्कर. मार्कर म्हणजे पगारी खेळाडू. सभासदांना जोडीदार मिळाला नाही तर त्यानं खेळायचं, नवख्यांना शिकवायचं आणि कोर्टाची निगाही राखायची. हा पन्नाशीचा, उन्हानं करपलेला, अनवाणी खेळणारा तमिळ माणूस. माझ्याशी बोलायची त्याची छाती होत नसे आणि मला गरज वाटत नसे. आमचं बोलणं सुरू झालं ते शेणावरून. आमच्याकडं टेनिसचं कोर्ट शेणानं सारवतात आणि त्यावर चुन्याच्या रेघा ओढतात. एक दिवस जमिनीचे पापुद्रे सुटलेले, चेंडू कुठंही उडतोय, आणि लेक चुकतेय म्हणून हा तिच्यावर ओरडतोय. माझा पारा चढला. मी उठले आणि त्याला तमिळमध्ये सांगितलं की पोरीला बोलू नकोस, आधी शेण नीट कालव. शिळं आहे आणि पातळ आहे, शिवाय खालची माती भुसभुशीत. माझ्या स्वयंपाकघराची जमीन अशी निघाली असती तर सासूनं मला माहेरी धाडलं असतं. त्यानं मान खाली घालून ऐकलं. आठ दिवसांनी कोर्ट पाटीसारखं गुळगुळीत झालं, आणि तेव्हापासून रोजचा धडा संपला की तो बाकापाशी येऊन मला विचारायचा, अम्मा, आज कशी खेळली?

मग वाती कसल्या वळते! विचारलं की सांगता यायला हवं, म्हणून मी पाहायला लागले. पाहता पाहता गुंतले. त्याचा एकच मंत्र होता, काल, काल. तमिळमध्ये काल म्हणजे पाय. हातानं काय वाटेल ते कर, पाय आधी पोचले पाहिजेत. मी घरी लेकीला चिडवायची, अगं, काल राहू दे, आज हलव. सर्व्ह, व्हॉली, ड्यूस, सगळे शब्द मला पाठ झाले, आणि ऐकून ऐकून साधं इंग्रजीही कळायला लागलं. लव्ह म्हणजे शून्य हे कळल्यावर मी ह्यांना म्हटलं, गोऱ्यांनाही संसाराचा अनुभव दिसतो! हे दोन दिवस गाल फुगवून होते.

लेक नऊवारी नेसून खेळायची. कासोटा घट्ट मारलेला, काठ घोट्याच्या वर. तो वर घ्यायची कल्पना माझी. त्यावरून गल्लीत चर्चा झाली आणि मी ती होऊ दिली. खरं सांगायचं तर मला त्या पोरीचं धावणं बघून सुख व्हायचं. माझं लग्न अकराव्या वर्षी झालं. त्याआधी मीही धावत असेन, पण आता ते आठवतसुद्धा नाही. ती धावली की माझ्या छातीत काहीतरी मोकळं व्हायचं. हे मी कोणाला कधी बोलले नाही, तिलाही नाही.

ती अठरा वर्षांची झाली आणि थोरले भाऊजी बोलू लागले. थोरले भाऊजी म्हणजे ह्यांचे वडीलबंधू, घरातले कर्ते. गोविंदपुरम्‌ला दर एकादशीला भजनाला जाणारे, माणूस सज्जन, पण एकदा शब्द बोलले की मागं घ्यायचे नाहीत. तंजावरच्या एका घरातून मुलीला मागणी आली होती. या मुलखात आपली मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी, चांगलं स्थळ दारात दोनदा येत नाही, हे त्यांचं म्हणणं. खोटं नव्हतंच ते. ह्यांची नेहमीप्रमाणं पाचावर धारण बसली. शेवटी वकिली डोकं चालवून ह्यांनी मधला मार्ग काढला. क्लबात बायकांची स्पर्धा लागली होती आणि लेक शेवटच्या सामन्यापर्यंत पोचली होती. जिंकणारीला मद्रासच्या स्पर्धेला पाठवणार होते. लेक जिंकली तर एक वर्ष लग्नाचं नाव काढायचं नाही, तिला मद्रासला जाऊ द्यायचं. हरली तर खेळ बंद आणि तंजावरला होकार. भाऊजींनी मान हलवली. लेकीला विचारलं तर ती एवढंच म्हणाली, बरं. मी दुसऱ्या दिवशी जटक्यात, आमच्याकडच्या घोडागाडीत, बसून तिरुवलंचुळीला गेले आणि पांढऱ्या विनायकापुढं उभी राहून हट्ट धरला. एक वर्ष दे, म्हटलं. मी स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही, आणि हेही तुला वाटत असेल की तिच्यासाठी मागतेय, तर तसंच समज.

सामना होता तिरुचीच्या एका रेल्वे अधिकाऱ्याच्या मुलीशी. गोरीगोमटी, पांढऱ्या फ्रॉकातली, खेळायची मात्र झकास. उंच खुर्चीवर अंपायर म्हणून एका गोऱ्या अधिकाऱ्याची मडम बसली होती. रेघेवर नजर ठेवायला पुरेशी माणसं नव्हती, तेव्हा माझ्या बाजूच्या मागच्या रेघेसाठी मुलींच्या शाळेतली एक मास्तरीण बसवली. चेंडू बाहेर पडला तर तिनं मोठ्यानं सांगायचं. मी तिच्याच शेजारी, रोजच्या बाकावर. मार्कर पलीकडच्या टोकाला चेंडू वेचत होता.

पहिला सेट लेकीनं घेतला, दुसरा त्या पोरीनं. तिसऱ्यात लेक पाच-चारनं पुढं. ऊन कलून थेट मडमेच्या डोळ्यांत जात होतं आणि ती हाताचा आडोसा धरून बघत होती. एक पॉइंट मिळाला की संपलं. लेक जाळ्यापाशी गेली आणि त्या पोरीनं चेंडू उंच उडवून तिच्या डोक्यावरून मागं टाकला. लेक उलटी फिरून धावली, कासोट्यात पाय अडकला आणि ती गुडघ्यांवर आली. चेंडू माझ्यासमोर पडला. बरोबर रेघेवर. चुना उडालेला मी या डोळ्यांनी पाहिला.

आणि माझ्या तोंडून ओरडून शब्द गेला, "आत!"

मास्तरीण कुठं बघत होती देव जाणे. रेघेपाशी बोलले ती मी. आमचं कसं, उंबरठ्याबाहेर पाऊल टाकलं की तमिळ. बाजारात, देवळात, क्लबात, सगळीकडं तमिळ. पण जीव घाबरा झाला की जीभ घरचंच बोलते. आणि पिढ्यान्‌पिढ्या तमिळ बोलून आमचा 'त' असा जाड झालाय की पुण्याकडचा माणूसही ऐकून गोंधळेल, मग मडमेचं काय! तिला उन्हात काही दिसलं नव्हतं. रेघेकडून एक शब्द आला, तो तिला 'आउट' ऐकू आला. तिनं हात वर केला आणि लेक जिंकल्याचं जाहीर केलं.

टाळ्या वाजल्या. तिरुचीची पोर जाळ्याकडं हात पुढं करून निघाली. ह्यांनी भाऊजींकडं विजयी मुद्रेनं पाहिलं. आणि मला सगळं समजलं. मी काय बोलले, मडमेनं काय ऐकलं, सगळं. साऱ्या मैदानात त्या शब्दाचा अर्थ कळणारी आमच्याच घरची चार माणसं, त्यातली दोन पुरुष मंडळी लांब शामियान्यात. म्हणजे उरलो लेक आणि मी.

लेक गुडघे झाडत उठली आणि तिनं माझ्याकडं पाहिलं. सरळ, थेट. मला वाटलं ती विचारतेय, गप्प राहू का? मी नजर खाली घातली आणि पदर सारखा करत बसले. त्या पदराला काही झालं नव्हतं.

पुन्हा वर पाहिलं तेव्हा ती मडमेच्या खुर्चीपाशी होती. तिचं इंग्रजी स्वच्छ होतं. ती म्हणाली, "माझ्या आईनं आउट म्हटलेलं नाही. आमच्या भाषेत 'आत' म्हणजे इन. तो चेंडू आत होता."

मडमेनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं आणि चेंडू खरंच आत होता का असं विचारलं. मी नाही म्हटलं नाही आणि होही म्हटलं नाही. क्षणभर वाट पाहून मडम लेकीला शाबास म्हणाली आणि पॉइंट त्या पोरीला दिला. त्यानंतर लेकीला एकही गेम मिळाला नाही. पाच-सातनं हरली. मार्कर तोंडावर पंचा घेऊन कोर्टाच्या कडेला बसला आणि किती वेळ उठला नाही.

परतताना जटक्यात मी तिला वाट्टेल ते बोलले. तुला कोणी शहाणपणा सांगितला होता? तीन वर्षं मी तिथं काय माशा मारत होते? घरी आल्यावर तिनं रॅकेट पुसली आणि आपल्या हातानं माळ्यावर ठेवली. चार महिन्यांनी तंजावरला लग्न झालं. घर चांगलं, जावई भला, तिला काही कमी पडलं नाही. मी स्वतःची समजूत अशी घातली होती की तिनं चुना उडताना पाहिला, तिला खोटं पचलं नाही, आणि आपण आई असून खोटं गिळायला तयार होतो. एवढी लाज मी बाळगून होते. तिच्याशी त्यावर बोलायचं मात्र धाडस झालं नाही.

बारा-तेरा वर्षांनी ती माहेरपणाला आली होती. दुपारी आम्ही दोघी पडवीत शेवग्याचा पाला निवडत होतो आणि तिची धाकटी मुलगी पुन्हा पुन्हा विचारत होती, आई, तू मडमेपुढं खेळलीस ते सांग. लेक हसत हसत सांगायला लागली. चेंडू डोक्यावरून गेला, मी पडले, इथपर्यंत आली, आणि म्हणाली, "मी तर जमिनीवर होते गं. चेंडू कुठं पडला ते मला दिसलंच नाही. आजी आत म्हणाली, म्हणून आत."

माझा हात थांबला. ती मुलीला पुढं सांगत होती की आजीला बिचारीला इंग्रजी कळत नव्हतं, म्हणून मग मलाच जाऊन सांगावं लागलं, आणि मडमेनं विचारलं तेही तिला कळलं नाही.

म्हणजे इतकी वर्षं तिनं मला अशी सांभाळली होती! मी गप्प राहिले असते तर तिची आई तिच्यापाशी तशीच शाबूत राहिली असती. पण मला राहवेना. मी म्हटलं, "कळत होतं मला. सगळं कळत होतं. मडमेनं आउट ऐकलं तेही, आणि मला काय विचारलं तेही."

लेकीनं मुलीला पाणी आणायला आत धाडलं. पाला निवडणं तिनं थांबवलं नाही. मी सांगत सुटले की तू जिंकावीस असं मला फार वाटत होतं, तुझ्याहूनही जास्त वाटत होतं, तुला धावताना मला अजून एक वर्ष बघायचं होतं. बोलताना मला रडू आलं.

मग लेक हळू आवाजात म्हणाली, "मी तुझ्याकडं पाहिलं होतं, आई. तूच मडमेला सांगशील म्हणून थांबले होते."

मुलगी पाणी घेऊन आली. मी ते प्याले.