चार बोटं वर राहिलेला गज

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, गावच्या रवळनाथापुढेही नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय.

लग्न होऊन पेडण्यात आले तेव्हा घरात परवान्याची ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून स्फोटाची दारू नि गोळी भरायची बंदूक होती — भाताला रानडुकरांचा फार त्रास. नवरा डिचोलीला खाणीच्या ट्रकवर. राखणीला धाकटा दीर, विठू. माहेरी बाबांची बंदूक मीच भरायची, असं मी सासरी पहिल्याच महिन्यात मिरवून घेतलं. जीभ लांब माझी! मग ते काम माझंच झालं. मासेमारीच्या जुन्या जाळ्यांचं शिसं चुलीवर वितळवून गोळ्याही मीच ओतायची, आणि विठू त्या शेजाऱ्यांना कौतुकानं दाखवायचा.

त्या संध्याकाळी नळीत दारू घातली, ठासली — आणि दारात पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजला. पाव घेऊन परत आले. दारू घातली होती का? आठवेना. बाबांचा नियम होता, शंका आली की आधी ठासायचा गज आत सोडून बघायचा. पण विठू चपला घालून उभा.

"वैनी, झाला मां? डुकरां उतारली शेतात."

मी दारू घातली. वर गोळी. ठासली, तर गज रोजच्यापेक्षा चार बोटं वर राहिला, म्हणजे आत दारू दोनदा पडली होती. मला दिसलं — दिसलं ना! मग तोंड का उघडलं नाही? भरलेली बंदूक रिकामी करायची म्हणजे केवढा खटाटोप, आणि विठू हसला असता. एवढंच. मी गज ओढून काढला आणि बंदूक त्याच्या हातात दिली.

मग पायरीवर बसले. अजून हाक मारता येईल — अजून येईल — तो बांधापलीकडे दिसेनासा झाला. देवा, डुकरं पळून जाऊ देत, असं म्हणत राहिले.

आवाज आला, आणि मागोमाग विठूची किंकाळी. नळी फुटली होती.

एक डोळा गेला. दुसऱ्याला नुसता उजेड कळतो. म्हापशाच्या इस्पितळात सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा पट्ट्यांतून तोच बोलला, "वैनीन बराबर भरलली. नळीच कुसलली ती."

नळी गंजलेलीच होती, अशी मी मान हलवली.

विठूचं लग्न झालं नाही. तो आमच्यातच असतो. त्याच्या ताटातल्या मासळीचे काटे मी काढते. गावात म्हणतात, वहिनी असावी तर अशी. आज बांगडा सोडवताना माझं ताट पालथंच होतं. त्याला ते दिसत नाही.

"वैनी, तू जेवलंस मां?" त्यानं विचारलं.

मी हो म्हटलं.