अण्णा, घरात एक गोम आहे

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, आणि ती पदवी प्राणिशास्त्रातली. त्यामुळे महिनाभरासाठी पुण्याला जाताना माझ्या मेहुण्याने, म्हणजे संदीपने, आपली पाळीव गोम विश्वासाने माझ्या हवाली केली.

"दाजी, माती एका बाजूला ओलसर, दुसऱ्या बाजूला कोरडी. बाकी काही करू नका."

काहीच करायचं नाही, तर मी शिकलो कशाला? निपाणीच्या कॉलेजात सरांनी किती तळमळीने शिकवलं होतं. (गोम फक्त चित्रात होती, पण ते चित्र मी सुरेख काढलं होतं.) मी सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडू लागलो. काचेच्या पेटीत बुरशी आली. गोम समोरच्या झुरळाकडे ढुंकून बघेना.

"अहो, सर्दी झाली असेल तिला," सुनीता, माझी बायको, म्हणाली.

मग पेटी गॅलरीत, उन्हात ठेवली. माती पापडासारखी झाली. एका सकाळी पाहतो तर गोम फिकट, निपचित. चिमट्याने उचलली तर अगदीच हलकी.

"गेली," मी म्हणालो.

"संदीपला तुम्हीच सांगा. पोरीसारखी वाढवलीय त्याने."

मी तिला जास्वंदीच्या कुंडीत पुरलं, उदबत्ती लावली, पेटीतली माती गॅलरीत ओतली आणि धीर करून फोन लावला.

"दाजी," संदीप सावकाश म्हणाला, "ती आतून पोकळ होती का?"

"होती रे. उपासाने."

"कात होती ती. कात टाकायच्या आधी गोम खात नाही. खरी गोम मातीत बघा."

मातीत गोम नव्हती.

बूट घालून मी खाली धावलो. घरमालक अण्णा व्हरांड्यात कॉफी पीत होते. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्या बेंगळुरात, मराठी मात्र घरात टिकवलेली, मधूनमधून कन्नड शब्द पेरून.

"अण्णा, घरात एक गोम आहे."

"गोम कुठल्या घरात नसते रे? नळात आहे का वायरिंगमध्ये?"

"कळत नाही. तेच शोधतोय."

"सरी. सापडली की सांग. स्वल्प कॉफी घे."

"अण्णा, सापडायच्या आधी ती चावेल."

अण्णांनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले.

तेवढ्यात न्हाणीघरातून अक्कांचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आवाज आला. "अहो, ओल्या पायपुसण्याखाली हे लाल काय वळवळतंय?"

माझ्यामागोमाग खाली आलेल्या सुनीताने बरणी उपडी घालून तिला पकडलं. नवं कवच, तुकतुकीत अंग. मी हात जोडले, गोमेला आणि अक्कांनाही.

संदीप येईपर्यंत पेटी अण्णांच्या घरी, न्हाणीघराशेजारच्या गार कोपऱ्यात राहिली. गोम झुरळं खाऊ लागली. मला फक्त दारातून बघायची परवानगी होती. मी रोज जायचो. मला पाहिलं की ती लगबगीने लाकडाखाली शिरायची.

"बघा," सुनीता म्हणायची, "डॉक्टरांना ओळखते ती."